जाम झालेला हब: पुलर, गॅस की प्रेस?

हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जाम झाला की बहुतेक ठिकाणी पहिला हात घणाकडे जातो. तो तिथेच थांबवा आणि आधी ठरवा, काय वाचवायचं आहे? बेअरिंग नवंच टाकणार असाल तर मोकळीक बरीच आहे. बेअरिंग चांगलं आहे आणि फक्त शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) बाहेर काढायचा आहे, तर घणाचा एक ठोकाही महाग पडतो. फ्लँजवर, म्हणजे हबच्या चकतीवर, ठोकलं की तो धक्का थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो, रेसवर (गोळ्या ज्यात फिरतात त्या कड्यावर) बारीक खळगे पडतात आणि थोड्याच दिवसांत चाक घरघरू लागतं.

आपल्याकडे हे दुखणं ठरलेल्या गाड्यांना होतं. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेल्या. सांगलीत २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात हबपर्यंत किंवा त्याच्याही वर पाणी चढलेल्या, नंतर धुऊनपुसून चालू केलेल्या, पण चाकं कधी उघडून न पाहिलेल्या. आणि हंगाम संपला की उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या.

पुढच्या चाकावर चालणाऱ्या कारमध्ये अडलंय कुठे, हे आधी पाहा. शाफ्टचे दाते हबमध्ये गंजून बसलेत, की बेअरिंग नकलमध्ये (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या भागात) अडकलंय? पहिल्या प्रकाराला तीन पायांचा पुलर (स्क्रू फिरवून भाग ओढून काढणारं हत्यार) हेच उत्तर. एक्सल नट सैल करून शाफ्टच्या टोकाच्या बरोबरीत ठेवा, म्हणजे आटे फाकत नाहीत. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळीच मारा. तेलाला दात्यांच्या फटीत उतरायला वेळ लागतो; मारल्यावर पाच मिनिटांत पाना लावला तर ते मारून उपयोग नाही. पुलर ताणून ठेवायचा, त्याच्याच स्क्रूच्या डोक्यावर हलका ठोका द्यायचा, परत थोडा ताणायचा. ‘टक्’ असा आवाज आला की काम झालं. शाफ्टच्या टोकावर थेट घण घातला तर आतल्या सीव्ही जॉइंटलाही (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्यालाही) मार बसतो, आणि मग हबपेक्षा शाफ्टचा खर्च मोठा होतो.

बेअरिंग नकलमध्ये जाम असेल तर बरेच मिस्त्री स्लाइड हॅमर काढतात. वजनदार सरकता ठोकळा मागे आपटून हब ओढायची ही पद्धत झटपट आहे, गाडीवरच होते, नकल उतरवावं लागत नाही. पण हब सुटताना बेअरिंगचे दोन तुकडे होतात. अर्धी आतली रेस हबवर राहते, बाहेरची रेस नकलमध्ये. म्हणजे बेअरिंग वाचवायचं असेल तर हे हत्यार बाद. नवं टाकायचं असलं तरी ते आत बसवायला शेवटी प्रेस (भाग दाबून बसवणारं यंत्र) लागतोच.

म्हणून माझं मत असं: बेअरिंग बदलायचंच ठरलं असेल तर नकल उतरवा आणि कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या, हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. बॉल जॉइंट आणि टाय रॉड सोडावे लागतात, नंतर अलाइनमेंट करावी लागते, एक दिवस जातो. पण जोर सरळ रेषेत आणि हळूहळू लागतो, नकलला तडा जात नाही, आणि नवं बेअरिंग बाहेरच्या रेसवर दाबून सरळ बसतं. बसवताना दाब आतल्या रेसवर दिला तर नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. प्रेसवाल्यासमोर उभं राहून एवढं पाहून घ्या.

आता गॅस, म्हणजे ज्योतीने भाग तापवणं. याला सरसकट नाही म्हणणं बरोबर नाही. लोखंडाचं ७० मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापवलं की सुमारे ०.०८ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला नगण्य, पण दाबून बसवलेल्या भागांतली घट्ट बसणीही अशीच शतांशात मोजतात. मात्र उष्णता फक्त नकलला द्यायची, आतल्या बेअरिंगला नाही. ते भाग लाल करायची तर गरजच नाही. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर, रबरी बूट आणि सील आधी बाजूला काढा. ग्रीस पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योत लावूच नका, क्लोरीन असलेल्या क्लीनरमधून तापल्यावर विषारी वायू निघतो. नकल अॅल्युमिनियमचं असेल तर हीट गन पुरते, कारण अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं.

ट्रॉलीचा हिशेब वेगळा. तिथे टेपर रोलर बेअरिंग असतं. स्प्लिट पिन, कॅसल नट आणि वॉशर काढल्यावर हब हातानेच यायला हवा. येत नसेल तर बहुधा आतल्या बेअरिंगची रेस स्टबवर (एक्सलच्या टोकाच्या, हब बसतो त्या दांड्यावर) चिकटलेली असते. लांबलचक एक्सल प्रेसखाली नेता येत नाही, त्यामुळे इथे पुलरच लावा, सील फाटलं तरी चालेल. रेस मागे राहिली तर ग्राइंडरने तिच्यात तिरकी खाच पाडा, जवळपास आरपार, पण स्टबला न लागता. मग छिन्नीचा एक ठोका दिला की ती तडकते. डोळ्यांवर गॉगल हवाच, कडक पोलादाचे कण उडतात. गॅस कटरने रेस कापायचा मोह होतो, पण स्टबवर कटरचा एक ओरखडा उठला तर पुढच्या हंगामात भरल्या उसाखाली तिथूनच तो तुटू शकतो.

हब निघाल्यावर दात्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून पातळ ग्रीस लावा. कारला एक्सल नट नवाच घ्या आणि तो टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापावर आवळा. तोवर गाडी चाकावर पुढे-मागे ढकलू नका, कारण नट पूर्ण आवळल्याशिवाय बेअरिंगवर वजन आलं तर त्याचे दोन भाग एकमेकांपासून सरकतात.