पहिल्या पसंतीला चिनी की अरबी?

परराष्ट्र सेवेत निवड झाली की सक्तीच्या परकीय भाषेचा प्रश्न येतो, आणि बरेच जण चिनी की अरबी इथे अडतात. मागाल ते मिळेलच असं नाही. तुमचा क्रमांक आणि मंत्रालयाची गरज यांवर बरंच अवलंबून असतं. तरी पसंती विचारपूर्वक लिहावी. मी नोकरीआधी दोन वर्षं चिनी शिकलो होतो आणि सेवेत आल्यावर अरबी मागितली.

चिनीचं वजन मला पूर्ण मान्य आहे. १९५४ चा पंचशीलाचा करार हिंदी, चिनी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत झाला आणि तिन्ही मजकूर सारखेच ग्राह्य ठरले. अशा वेळी समोरचा मसुदा स्वतः वाचणारा अधिकारी आपल्या बाजूला हवाच. उच्चारातल्या चढउताराला घाबरू नका, कान सरावतो.

मला छळलं ते लिपीनं. एका सुट्टीत दोन महिने वही उघडली नाही. परतल्यावर रोजची अक्षरं दिसली की ओळखू यायची, पण हातातून उतरायची नाहीत. चिनी लोकांचीच म्हण आहे, लेखणी उचलली की अक्षर विसरतं. आपली नोकरी तर दर तीनेक वर्षांनी गाव बदलण्याची. मधली सहा वर्षं दिल्लीत आणि आफ्रिकेत गेली, तर घासूनपुसून कमावलेलं किती उरेल? कुणाचं उरतही असेल, माझं उरलं नसतं.

अरबीत एकदा धातू कळला की शब्दांचं अख्खं कुटुंब हाती येतं. तहसील, महसूल आणि 'त्यात काय हशील?' मधलं हशील, तिन्ही ह-स-ल या एकाच धातूची. मराठी माणसाला बरीच शिदोरी घरूनच मिळते. खोट आहे ती बोलीची. 'काय हवंय?' यासाठी वर्गात 'मादा तुरीद' शिकायचं आणि कैरोतला वाणी विचारणार 'आयेज़ एह?' पहिले काही महिने फार चिडचिड होते. पण कागदावरची अरबी मोरोक्कोपासून ओमानपर्यंत एकच, आणि आपलं निम्मं काम कागदाचं.

आखातात असताना रत्नागिरीकडचा एक कामगार माझ्याकडे आला. तीन महिन्यांचा पगार थकलेला, हातात मालकानं सही घेतलेला कागद. दुभाषा म्हणाला, नेहमीचाच फॉर्म आहे साहेब. पहिलाच शब्द होता 'इस्तलम्तु', म्हणजे 'मला मिळाले'. सगळी देणी मिळाल्याची पावती त्या पोरानं न वाचता सही करून दिली होती. तो शब्द मला वाचता आला नसता, तर आमच्या तक्रारीत पावतीचा उल्लेखच आला नसता आणि पहिल्याच सुनावणीत मालकानं ती पुढे केली असती. आपल्या नागरिकाला मदत करण्याचा अधिकार १९६३ चा व्हिएन्ना करार देतो. समोरचा कागद मात्र आपला आपल्यालाच वाचावा लागतो.

चीनबरोबरच्या सीमाप्रश्नातच आयुष्य घालवायचं मनात पक्कं असेल तर चिनीच लिहा, मी अडवणार नाही. तेवढं पक्कं नसेल तर अरबी वर ठेवा, आणि कैरोला गेलात तर वर्ग सुटल्यावर रोज तासभर त्या वाण्याच्या दुकानात थांबा.