सुकी भूत जोलोकिया गोव्याच्या स्वयंपाकात: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी चालू असताना या वेळी नेहमीच्या मिरच्यांबरोबर सुक्या भूत जोलोकियाचे, म्हणजे ईशान्य भारतातल्या जहाल तिखट मिरचीचे, एक छोटे पाकीट घेतले. पावसाळा, चतुर्थी, दिवाळी असे सगळे ओलांडून ती मिरची अजून वापरात आहे. फोंड्यातल्या आणि म्हापशाच्या मैत्रिणी सारख्या विचारतात की घ्यावी का आणि घेतली तर घालायची कशात. माझे मत आधीच सांगून टाकते: जरूर घ्या, पण काश्मिरी किंवा खोल्याच्या (काणकोणातल्या खोला गावच्या) मिरचीच्या जागी घेऊ नका. ती हिंगासारखी वापरायची वस्तू आहे.

आपण मसाल्यात मिरची मूठमूठ घालतो, ती काही नुसत्या तिखटासाठी नाही. मासे भरायच्या रेशाद मसाल्यात मिरची हाच मसाल्याचा गर असतो. रंग तिचा, दाटपणा तिचा, बांगड्याच्या पोटात भरल्यावर तव्यावर धरून राहण्याची ताकद तिची. हे काम जोलोकिया करूच शकत नाही, कारण तेवढी घातली तर तो मासा कुणाच्या तोंडात जाणार नाही. काश्मिरी मिरचीचा तिखटपणा स्कोव्हिल मापात साधारण हजार-दोन हजारांच्या घरात येतो. भूत जोलोकियाची 2007 साली गिनीजमध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद झाली, तेव्हा तिचा आकडा दहा लाखांच्या वर होता. पुढे 2013 मध्ये कॅरोलिना रीपर आणि 2023 मध्ये पेपर एक्स तिच्या वर गेल्या, पण स्वयंपाकघरात त्या चढाओढीला अर्थ नाही. वजनाला वजन धरले तर ही काश्मिरीच्या शेकडो पटींनी तिखट आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

मग घ्यायचीच कशाला? वासासाठी. पाकीट उघडल्यावर जो वास येतो तो आपल्या कुठल्याच मिरचीला नाही. पिकलेल्या फळासारखा, किंचित आंबूस-गोड. चुलीवरच्या धुरात सुकवलेली मिळाली तर त्यात धुराचा वासही असतो. आंबट पदार्थात हा वास फार सुरेख खुलतो.

तिच्या तिखटाची चालही वेगळी आहे. लवंगी मिरची जिभेला लगेच कळते. जोलोकिया आधी काहीच सांगत नाही, अर्ध्या मिनिटाने घशाकडून वर चढायला लागते आणि मग बराच वेळ उतरत नाही. म्हणून हिच्या पदार्थाची चव घेतली की मिनिटभर थांबायचे आणि मगच आणखी घालायचे की नाही ते ठरवायचे. आणखी एक गोष्ट, बिया काढल्या म्हणजे तिखट कमी झाले असे हिच्या बाबतीत समजू नये. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन मुळात बियांत तयार होतच नाही. ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असते, आणि या जातीत तर सालीच्या आतल्या बाजूलाही भरपूर असते.

सगळ्यात जास्त वापरते ते तिचे तेल. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र चांगले उतरते. एक मिरची, देठ काढून, हातमोजे घालून, कात्रीने उभी चिरायची आणि दोन-तीन तुकडे करायचे. लहान कढईत वाटीभर खोबरेल ओतून तुकडे थंड तेलातच टाकायचे, मग गॅस अगदी बारीक. तुकड्यांच्या कडेने बारीक बुडबुडे सुटतात आणि साल जराशी फुगते. रंग विटकरीकडून तपकिरीकडे झुकतोय असे वाटले की लगेच गॅस बंद. काळी पडू द्यायची नाही, तेल कडू होते आणि घरभर असा ठसका बसतो की शेजारचेही दारे-खिडक्या लावून घेतात. मी हे काम मागच्या पडवीत करते. झाकून रात्रभर ठेवायचे, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरायचे. या तेलात ओली लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता असे पाण्याचा अंश असलेले काही घालून साठवू नये. हवाबंद तेलात ओलावा राहिला की घातक जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून ओळखता येत नाहीत.

हे तेल औषधाच्या ड्रॉपरने थेंबांत मोजून घालते. सुक्या मासळीच्या किसमुरीत खोबऱ्याबरोबर दोन थेंब चोळले तर तिखट सगळीकडे सारखे लागते. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खारातला आंबा खाताना त्यावर एक थेंब पुरतो. डिसेंबरातल्या गार सकाळी तेल थिजते, तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरली की झाले.

दुसरी पद्धत अख्खी मिरची बुडवून काढण्याची. आंबट-तिखट या माशाच्या रशाचे वाटण शिजून चिंचेचा कोळ पडला की न फुटलेली, न चिरलेली एक सुकी मिरची देठाला पांढरा दोरा बांधून रशात सोडायची. दोऱ्याचे टोक भांड्याच्या कानाला बांधायचे. मिरची रस पिऊन फुगते, वास सोडते, तिखट हळूहळू उतरते. मंद आचेवर चार-पाच मिनिटे झाली की चव घ्यायची आणि पुरेसे वाटले की दोरा धरून उचलायची. मोरीचे (शार्क माशाचे) तुकडे त्यानंतर घालायचे, म्हणजे ढवळताना मिरची फुटण्याची भीती नाही. बाहेर काढलेली मिरची त्याच दिवशी दुसऱ्या भाजीत चालते. ईशान्येकडे अशी मिरची अख्खीच भांड्यात शिजवायची पद्धत आहे, ती आपल्या रशाला इतकी जुळेल असे मला वाटले नव्हते.

मात्र बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, ही घालू नका. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ठाम नकार दिला होता आणि त्यांचेच बरोबर आहे. हुमणाचा जीव तिरफळात असतो. जोलोकियापुढे तिरफळाचा वास टिकत नाही, जीभ बधिर झाल्यावर त्याची झिणझिणीही कळत नाही. खतखत्याच्या मिश्र भाजीलाही तोच नियम. चतुर्थीच्या पाच भाज्यांत हिला जागा नाही.

रेशाद मसाल्यात मी रंग-गरासाठी काश्मिरी आणि खोल्याची मिरची नेहमीच्या प्रमाणात घेते, आणि नखाएवढा जोलोकियाचा तुकडा माडाच्या व्हिनेगरात बाकीच्या मिरच्यांबरोबरच भिजवते. तेवढ्याने सबंध बरणीचा नूर बदलतो. मसाला वाटल्यावर दोन दिवस थांबून वापरला तर तिखट बसते, एकसारखे होते. तिखट जास्त झालेच तर पाणी घालून काही होत नाही. नारळाचे दाट दूध किंवा वाटलेले खोबरे घाला, त्यातल्या स्निग्धतेत तिखट शोषले जाते. जेवताना सोलकढी उपयोगी पडते तीही त्यातल्या नारळाच्या रसामुळे. दही-दूध त्याहून चांगले.

मिठाचा प्रकार मुलांना फार आवडला. मिठागरातले जाडे मीठ कढईत कोरडे परतून थंड करायचे, वाटीभर मिठाला अर्धी मिरची धरून मिक्सरमधून काढायची. मिठामुळे इतकी कमी मिरचीही बारीक होते. झाकण लगेच उघडायचे नाही, धूळ खाली बसेपर्यंत पाच-दहा मिनिटे जाऊ द्यायची आणि तोंडाला फडके बांधायचे. पेरूवर, कैरीवर, तळलेल्या बिब्यांवर (काजूगरांवर) चिमूट. नंतर मिक्सरच्या भांड्यात आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून ते टाकून द्यायचे, मग साबणाने धुवायचे. पाट्यावर किंवा रगड्यावर ही मिरची कधीही वाटू नका. दगडाच्या खाचांत तिखट धरून राहते आणि पुढच्या वाटणात उतरते. हाताला लागलीच तर आधी खोबरेल चोळा, मग साबण. लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी काढून ठेवाव्यात. घरात दमेकरी असेल तर भाजण्या-तळण्याच्या भानगडीत पडू नये, दोऱ्याची पद्धत सर्वांत सुरक्षित.

टिकण्याबाबत. आपल्या पावसात नुसत्या पिशवीत ठेवलेली कुठलीही मिरची सादळते. मी जूनच्या आधी दोन कडक उन्हे दाखवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरली आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवली. चतुर्थीला काढली तेव्हा मोडल्यावर कट्कन आवाज येत होता. मैत्रिणीसाठी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेले पाकीट मात्र मऊ निघाले, दोन-तीन मिरच्यांच्या देठाशी राखाडी बुरा होता. ते सगळे फेकले. बुरा पुसून, उन्हात टाकून वापरायचा विचार कुणी करू नये, बुरशीचे विष भाजूनही जात नाही. विकत घेताना मिरची वाकवून बघा, वाकली तर नको. रंग भडक एकसारखा लाल असण्याची गरज नाही, साल खडबडीत, सुरकुतलेली, विटकरी-तपकिरी असते. दळलेली पूड अजिबात घेऊ नका, तिच्यात काय आणि किती आहे ते कळत नाही. आणि मोठे पाकीट कशालाच लागत नाही. आमच्या चौघांच्या घरात मूठभर मिरच्या पुढच्या पुरुमेंतापर्यंत आरामात जातील.