दोन लिटरचे दोन हिशेब: इनोव्हा हायक्रॉस आणि बुगाटी टाइप ३५

टोयोटा इनोव्हा हायक्रॉस या सात आसनी हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विद्युत मोटरची जोड असलेल्या) गाडीची तुलना बहुतेक जण तिच्याच वर्गातील गाड्यांशी करतात. मला मात्र ती १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीशी करणे अधिक उद्बोधक वाटते. बुगाटीचे आठ सिलिंडरांचे इंजिन १,९९१ सीसीचे होते, तर हायक्रॉसचे चार सिलिंडरांचे इंजिन १,९८७ सीसीचे आहे, म्हणजे दोन्ही जवळपास दोन लिटरचीच.

बुगाटीची ताकद सुमारे ९० अश्वशक्ती आणि वजन अंदाजे ७५० किलो. हायक्रॉसची ताकद विद्युत मोटर धरून १८६ अश्वशक्ती, पण वजन १,६०० किलोंच्या वर. म्हणजे दर अश्वशक्तीमागे दोघींच्या वाट्याला आठ-नऊ किलोच येतात, आणि शंभर वर्षांत वाढलेले सारे बळ आसने, सहा एअरबॅग, वातानुकूलन व बॅटरी वाहण्यात खर्ची पडले आहे. १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीच्या डोंगरांतील तार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीने जिंकली, त्यात या हलकेपणाचा वाटा मोठा होता.

खरा फरक ब्रेकमध्ये आहे. बुगाटीचे ॲल्युमिनियमचे चाक आणि ब्रेकचा ड्रम एकत्रच ओतलेले असत व ब्रेक केबलने ओढले जात. गाडी थांबवताना निर्माण झालेली उष्णता हवेत विरून जाई. हायक्रॉसमध्ये वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो, त्यामुळे ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत इंजिन बराच वेळ बंदच राहते. कंपनीचा दावा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे. त्यावर कोणी किती विश्वास ठेवावा हा भाग वेगळा, पण अशा रस्त्यावर हायब्रिडचे गणित साध्या पेट्रोलपेक्षा सरस ठरते, हे नक्की.

त्याच रस्त्यावरचा गायमुखचा चढ मात्र बुगाटीच्या बाजूने कौल देईल. हायक्रॉसला नेहमीचे गिअर नाहीत. पेडल दाबले की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, त्यामुळे चालवण्याची गंमत शोधणाऱ्याने येथे फार अपेक्षा ठेवू नये. तिसरी रांग उभी असताना सामानाची जागाही बेताचीच उरते. ज्यांचे फिरणे मुख्यतः ठाणे शहरातच आहे, त्यांनी हायब्रिड घ्यावी. महिन्यातून एखाद्या वेळी गावी जाण्यापुरती गाडी लागत असेल, तर हायक्रॉसचाच साधा पेट्रोल प्रकार पुरेसा आहे.