शाळेतल्या टर्म-टाइम नोकरीचा पगार: ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर किती भरवसा ठेवावा?

इंग्लंडमधल्या शाळेत टीचिंग असिस्टंट, मिडडे सुपरवायझर किंवा ऑफिसची नोकरी पाहताना जाहिरातीत ठळक आकडा दिसतो तो पूर्णवेळ आणि बाराही महिने काम करणाऱ्याचा. खाली बारीक अक्षरात ‘प्रो राटा, टर्म टाइम ओन्ली’, म्हणजे पगार कामाच्या प्रमाणात आणि काम फक्त शाळा चालू असताना. हातात नेमके किती पडणार, हे पाहायला बहुतेक जण ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडतात. हे कॅल्क्युलेटर साधारण तीन तऱ्हेचे असतात. त्यांतल्या पगार सांगणाऱ्या दोघांत एकच नोकरी घातली की वर्षाला दोन हजार पौंडांहून जास्त फरक पडतो.

नोकरी अशी धरू: एनजेसी वेतनश्रेणीतला (स्थानिक कौन्सिल आणि बऱ्याच शाळांतल्या कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय वेतनश्रेणी) पॉइंट ४, म्हणजे एप्रिल २०२५ पासून वर्षाला २५,१८५ पौंड. आठवड्याला ३० तास. मुलांचे १९० दिवस आणि स्टाफ ट्रेनिंगचे ५, असे १९५ दिवस, म्हणजे ३९ आठवडे. रजा २५ दिवस आणि बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) ८. पूर्णवेळ आठवडा ३७ तासांचा, म्हणून आधी ३० भागिले ३७: २०,४२० पौंड. इथपर्यंत पगार सांगणारे दोघेही बरोबर. बिघडतं ते यापुढे.

पहिली तऱ्हा नोकरीच्या साइटवरच्या साध्या प्रो राटा कॅल्क्युलेटरची. तास आणि आठवडे असे दोनच रकाने. ३९ भागिले ५२ करून ते १५,३१५ पौंड सांगतात. यात सुट्टीचा पगार धरलेलाच नाही. टर्म-टाइम कर्मचाऱ्यालाही पगारी रजा असते. ती टर्मच्या मध्ये घेता येत नाही, म्हणून तिचे पैसे पगारात मिसळून मिळतात. या आकड्यावर घरभाड्याचं गणित मांडू नका, नोकरी तर मुळीच नाकारू नका.

यातले काही जरा सुधारलेले कॅल्क्युलेटर १२.०७ टक्के जोडतात आणि १७,१६४ वर येतात. हे १२.०७ टक्के ५.६ भागिले ४६.४ यातून येतात: कायद्याची किमान ५.६ आठवडे रजा, आणि ५२ मधून ती वजा करून उरलेले ४६.४ आठवडे. पण हार्पर ट्रस्ट विरुद्ध ब्राझेल या खटल्यात जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वर्षातला काही काळच काम असलेल्या कायम कर्मचाऱ्यालाही पूर्ण ५.६ आठवडे रजा द्यावी लागते. २०२४ च्या नियमांनी १२.०७ टक्क्यांना पुन्हा जागा दिली खरी, पण अनियमित तासांच्या आणि ‘पार्ट-इयर’ (वर्षातला काही काळ काम नाही आणि पगारही नाही अशा) कामगारांसाठी. ज्याला बाराही महिने सारखा हप्ता मिळतो, तो सरकारी मार्गदर्शनानुसार पार्ट-इयर ठरत नाही. शाळेतले बहुतेक कायम कर्मचारी नेमके असेच असतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवरचा रजेचा कॅल्क्युलेटर. आठवड्याला ५ दिवस घातले की तो २८ दिवस सांगतो. पगाराबद्दल तो बोलत नाही आणि करारातली जादा रजा त्याला ठाऊक नसते. पण कायद्याची किमान रेषा पाहायला तो उत्तम आहे, आणि ती रेषा खाली लागणारच आहे.

तिसरी तऱ्हा स्थानिक कौन्सिल शाळांना देतात त्या एक्सेल शीटची. मिळाली तर हीच वापरा. चांगल्या शीटमध्ये रजा आणि नोकरीची वर्षं यांचे वेगळे रकाने असतात. आतलं गणित सोपं आहे: वर्षाचे कामाचे दिवस २६०.७१५ (५२.१४३ गुणिले ५), त्यातून रजेचे ३३ वजा केले की २२७.७१५. पूर्णवेळ माणूस खरोखर इतके दिवस कामावर असतो. आपले १९५ त्याने भागले की ०.८५६३. त्याने २०,४२० ला गुणलं की १७,४८६ पौंड, महिन्याला सुमारे १,४५७.

आता किमान रेषेची तपासणी. या हिशेबात रजा (३३ गुणिले ०.८५६३) २८.२६ दिवस पडते, म्हणजे ५.६५ आठवडे, ५.६ च्या वर, ठीक. पण रजा २३ आणि ८ अशी ३१ च दिवस असेल, तर याच सूत्राने २६.३ दिवस येतात, म्हणजे ५.२६ आठवडे. हे कायद्यापेक्षा कमी आहे आणि ५.६ पर्यंत वाढवूनच द्यावं लागतं. ही तपासणी नसलेली शीट दिसली तर हा एक भाग स्वतः करा.

शीट बरोबर असूनही आत घातलेली माहिती चुकते, ते असं. पगारवाढ बहुतेकदा उशिरा ठरते आणि १ एप्रिलपासून मागे लागू होते, त्यामुळे शीटमध्ये जुन्या वर्षाचा आकडा राहून जातो. जेवणाचा अर्धा तास बहुधा बिनपगारी असतो: पावणेनऊ ते सव्वातीन म्हणजे साडेसहा नव्हे, सहा तास. लंडनच्या काही भागांत पूर्णवेळ आठवडा ३६ तासांचा असतो, वेतनश्रेणीही वेगळी. अॅकॅडमी ट्रस्टच्या (कौन्सिलच्या ताब्याबाहेरच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) अटी स्वतःच्या असू शकतात. पाच वर्षांनी रजा २५ ची ३० झाली तर गुणक ०.८७५६ होतो आणि पगार १७,८७९. तो आपोआप वाढला का, हे पे-स्लिपवर बघायलाच हवं. (इतक्या वाढीने २०२५-२६ च्या पेन्शन वर्गणीचा दर मात्र ५.५ वरून ५.८ टक्के होतो, कारण सीमा १७,८०० वर आहे.)

एक उणीव मात्र सहसा सगळ्याच कॅल्क्युलेटरांत दिसते: वर्षाच्या मध्येच रुजू होणाऱ्याचा हिशेब. जानेवारीत आलात, १२५ दिवस उरले आणि पगाराचं वर्ष ऑगस्टअखेर संपत असेल, तर ११,२०९ पौंड आठ हप्त्यांत वाटले जातात: महिन्याला १,४०१, १,४५७ नव्हे. सोडतानाही तसंच. जुलैअखेर ३९ आठवड्यांचं काम पुरं झालेलं असतं, पण हप्ते अकराच मिळालेले असतात; करार जुलैत संपत असेल तर बाराव्या हप्त्याइतकी रक्कम शेवटच्या हिशेबात आली पाहिजे.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी एचआरला ईमेलवर एकच विचारा: ‘पेड वीक्स’ (रजेसकट वर्षातले पगारी आठवडे) किती धरलेत? वरच्या नोकरीसाठी उत्तर ४४.६५ यायला हवं. ४३.७ आलं तर कुठेतरी १२.०७ टक्के बसलेत, आणि ३९ आलं तर रजेचे पैसे धरलेलेच नाहीत.