जुन्या जीपच्या गिअरला मूठ कुठली बसवावी?

सीजे-3बी जीपची मूळ काळी मूठ फुटली, तेव्हा मी सगळ्यात देखणी होती ती घेतली: भरीव पितळेची, लेथवर घासून चकाकवलेली. हिवाळाभर मिरवली. मे महिन्यात हूड काढलेली गाडी ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकाजवळ तासभर उन्हात उभी राहिली आणि परत आल्यावर पहिला गिअर गमछा गुंडाळून टाकावा लागला. ग्वाल्हेरचा उन्हाळा 45 अंशांना शिवतो. इथे मूठ निवडताना रूप शेवटी बघायचं.

आधी आटे. विलीज या मूळ अमेरिकी जीप कंपनीच्या घराण्यातल्या गाड्या (सीजे-3बी त्यातलीच) इंची मापाच्या, मारुतीची जिप्सी मिलिमीटरची. आपले मिस्त्री सुतात बोलतात: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे 7.94 मिमी, त्यामुळे 8 मिमीची मूठ अडीच सुताच्या दांडीवर दोन वेढे चढते आणि ‘बसली’ असं वाटतं. पण इंचाला 18 आटे असले तर दोन आट्यांमधलं अंतर 1.41 मिमी पडतं, आणि 8 मिमीच्या नेहमीच्या बोल्टचं असतं 1.25. तिसऱ्या वेढ्याला अडकते. तिथे पाना लावला की दांडीचे आटे गेलेच. दुकानात जाताना व्हर्नियर (दांडीची जाडी मोजायला) आणि पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायला) न्या. तेही नको असेल तर दांडीवर हाताने शेवटपर्यंत फिरणारा नट शोधा आणि तोच नमुना म्हणून खिशात ठेवा.

आता पर्याय. 50 मिमी व्यासाचा भरीव गोळा पितळेत साधारण साडेपाचशे ग्रॅम भरतो, अॅल्युमिनियममध्ये पावणेदोनशे, बेकेलाइटमध्ये (जुन्या स्विचांचं असायचं ते कडक प्लास्टिक) नव्वदच्या आसपास, शिसवीत त्याहूनही कमी. झिजलेल्या, डुगडुगणाऱ्या लांब दांडीच्या टोकावर अर्धा किलो वजन म्हणजे खडखडाटाला आमंत्रण. अॅल्युमिनियम हलकं, पण उन्हात तेही चटका देतंच.

भंगारातली जुनी बेकेलाइटची मूठ मिळाली तर सोडू नका, पण बुडाशी नखाने चाचपा. केसाएवढी चीर असली तर घट्ट करताना दोन तुकडे होतील. बेकेलाइट तापवून पुन्हा वितळत नाही, म्हणजे वितळवून सांधायचा मार्गही नाही. नवी नक्कल घ्याल तर आतली आट्यांची बुशी (दांडीवर चढणारी नळी) धातूची आहे ना ते बघा. नुसत्या प्लास्टिकात कोरलेले आटे चार-सहा वेळा काढघाल केली की ढिले होतात.

शिसवीची मूठ पितळी बुशी घालून करून घेणं हा माझ्या मते दुसऱ्या नंबरचा पर्याय. हाताला गार, वजनाला हलकी. मात्र पावसाळ्याआधी तेल पाजत राहावं लागतं, आणि हे काम आळशाचं नाही. तीन बारीक स्क्रूंनी आवळायच्या ‘सगळ्यांना बसणाऱ्या’ मुठी मी मोजतच नाही. खडबडीत रस्त्यावर सुटतात, आणि स्क्रू आट्यांना चावतात ते वेगळंच.

मुठीवरचा नकाशाही बघा. सीजे-3बीच्या टी-90 गिअरबॉक्सला तीनच गिअर: डावीकडे वर रिव्हर्स, खाली पहिला, उजवीकडे वर दुसरा, खाली तिसरा. पाच गिअरचा नकाशा असलेली मूठ बसवली, तर तुमची गाडी चालवायला घेतलेला भाचा ‘पहिला’ म्हणून रिव्हर्स टाकेल. मागे भिंत नसली म्हणजे मिळवली.

रोज फिरणाऱ्या उघड्या जीपला माझं मत धातूची बुशी असलेल्या काळ्या बेकेलाइटला. पितळेची मूठ रविवारी मिरवण्यापुरती ठेवा. लावताना खाली चेकनट (मूठ फिरू न देणारा जादा नट) घाला आणि नकाशा सरळ आला की तो आवळा. आटे कायमचे चिकटवणारं लाल औषध नको, पुढच्या वेळी चांगलं तापवल्याशिवाय मूठ सुटायची नाही. फोर व्हील (चारही चाकांना ताकद देणारी) आणि हाय-लो (वेग आणि ओढ यांतलं निवडणारी) या दोन छोट्या दांड्यांचे आटे मात्र वेगळे मोजा. मोठीला बसलेला नट त्यांना बसेलच असं नाही.