"बॉन्डिंग टाइम" म्हणत तो गुंगी चढायची वाट बघत होता: घाबरट कुत्र्याची नखं घरी येऊन कापणाऱ्यांबद्दल माझा अनुभव

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लिहायला बसलं की चिंगीचे त्या रात्रीचे डोळेच समोर येतात. पण आमच्या नाशकात असे लोक अजून फिरतायत हे गेल्या आठवड्यात कळलं म्हणून आता सगळं लिहूनच टाकते. लांब होईल, पण घरात घाबरट कुत्रं असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

चिंगी आमची गावठी, चार वर्षांची, वजन १७ किलो. बांधकामाच्या साइटवर वाळूच्या ढिगात सापडली तेव्हा जेमतेम महिन्याची होती. एरवी इतकी गुणी की कुणी नाव ठेवणार नाही, पण पंजाला हात लावू देत नाही. त्याला कारण आहे. ती वर्षाची असताना एका दुकानात नखं कापायला नेलं होतं, तिथल्या मुलाने घाईघाईत नखाच्या आतली जिवंत शीर कापली, रक्त आलं, ही जोरात किंचाळली आणि त्या लोकांनी तिला तसंच दाबून धरून बाकीची सगळी नखं उरकली. तेव्हापासून ड्रॉवरमधून नेलकटर नुसता काढला तरी ही पलंगाखाली, आणि कधीकधी भीतीने तिथेच लघवी होते तिची. त्यात हिची नखं सगळी काळी, म्हणजे पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते तशी हिची दिसत नाही, त्यामुळे आमचाही हात थरथरायचा.

गावठी कुत्र्याची कसली नखं कापायची असं म्हणणारे खूप भेटतात. अहो, दिवसभर रस्त्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याची झिजतात, फ्लॅटमधे टाइल्सवर राहणाऱ्याची नाही झिजत. आणि पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख चालताना जमिनीला टेकतच नाही, ते वाढत वाढत गोल होतं आणि कातडीत रुततं. गेल्या पावसाळ्यानंतर चिंगीचं तेच व्हायला आलं होतं. घरभर टकटक टकटक आवाज, आणि सोफ्यावरून उतरताना पाय फाकायचे.

अशात सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक मोठा कुत्रा गादीवर निवांत पडलाय आणि एक माणूस शांतपणे त्याची नखं कापतोय, ना मझल (तोंडाला बांधायची जाळी) ना दोरी ना कुणी धरलेलं. खाली लिहिलेलं की घाबरट कुत्र्यांसाठी खास, जबरदस्ती नाही, घरी येऊन. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला असेल. लगेच फोन केला. माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका, ताई ताई करून चिंगीची सगळी हिस्टरी विचारली, "त्या दुकानवाल्यांनी तिचा विश्वास तोडलाय ताई, तो परत मिळवावा लागेल" म्हणाला, आणि मला खरंच रडू आलं कारण पहिल्यांदाच कुणीतरी तिला हट्टी न म्हणता घाबरलेली म्हणत होतं. एका वेळचे ५०० रुपये, सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं तर २,७०० आणि ते आधी भरायचे. मी भरले. आधी डॉक्टरांकडे असिस्टंट होतो असंही म्हणाला, कुठल्या डॉक्टरांकडे हे मी विचारलं नाही.

पहिल्यांदा नोव्हेंबरात आला. पाठीला काळी बॅग, हातात पेढ्यांचा लहान बॉक्स. मला म्हणाला की मालक समोर असला की कुत्रा जास्त घाबरतो, तुम्ही आतल्या खोलीत बसा, मी आधी पाऊण तास तिच्याशी बॉन्डिंग टाइम घेतो, त्यात कात्रीला हातपण लावणार नाही. दार थोडं उघडं होतं. त्याने पेढा फोडला, त्यात छोट्या बाटलीतलं काहीतरी घातलं आणि चिंगीला दिला. मी विचारलं तर "हर्बल आहे ताई, ब्राह्मी अश्वगंधा, माणसं पण घेतात." मग तो नुसता बसून राहिला, मोबाईल बघत. मला वाटलं किती पेशन्स आहे या माणसाला. पाऊण तास उलटून गेल्यावर आवाज दिला, बाहेर येऊन बघते तर चिंगी आडवी आणि पुढच्या पायाची नखं कापून झालेली. अठराच्या अठरा नखं त्याने तासाभरात केली. मी त्याला चहा दिला, वर १०० रुपये जास्तीचे दिले, आणि तीन जणांना त्याचा नंबर पाठवला. हे सांगताना आजही मान खाली जाते.

त्या दिवशी ती रात्री उशिरापर्यंत झोपून होती, जेवली नाही. फोन केला तर म्हणाला टेन्शन निघून गेलं की कुत्रा असा गाढ झोपतो. पटलं मला!

डिसेंबरात परत तेच, फक्त या वेळी नखं कापल्यावर मला पंजा दाखवून म्हणाला, ताई नखांना फंगस झालंय, हे बघा. तीन नखांच्या टोकाला खरंच तपकिरी-काळी खपली होती. त्याच्याकडेच तेल होतं, ८५० रुपये, रोज लावायचं. घेतलं. वास घेतला तर सरळ मोहरीचं तेल आणि कापूर, पण तेव्हा मी म्हटलं असेल काहीतरी आयुर्वेदिक.

आणि मग जानेवारी. नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, त्या दिवशी जरा जास्तच होती. तो चार वाजता आला, साडेपाचला गेला. सहाच्या सुमारास माझ्या सासूबाई तिच्याजवळ बसल्या होत्या, त्यांनी हाक मारली, "अगं इकडे ये, ही झोपलेली नाहीये, डोळे उघडे आहेत हिचे." मी जाऊन पाहिलं. डोळे अर्धे उघडे आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून एक फिकट पडदा अर्ध्या बुबुळावर आलेला. तोंडातून लाळ गळून उशी भिजलेली. मी नाव घेतलं तर तिने माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला, शेपटी एकदा हलली, उठायला गेली तर मागचे पाय सरकले आणि ती तोंडावर पडली. कानाला हात लावला तर थंडगार. आणि हे सगळं असताना, सासूबाईंनी तिचा पंजा नुसता पुसायला घेतला तर तिचं काळीज इतकं धडधडायला लागलं की फासळ्यांवरून दिसत होतं. उठता येत नव्हतं, पळता येत नव्हतं, पण घाबरलेली होती, पूर्ण घाबरलेली होती. माझे तर हातपाय गळाले.

रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा हिरड्या बघितल्या, पांढरट पडल्या होत्या. ताप मोजायचा थर्मामीटर ९८ दाखवत होता, माणसाला ते नॉर्मल पण कुत्र्याचं १०१ ते १०२ च्या आसपास असायला हवं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आज हिला कुणी काही दिलंय का. मी हर्बल म्हणाले आणि ते गप्पच झाले. मग सलाईन, ब्लँकेट, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिथे होतो.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं ते मी माझ्या शब्दात सांगते कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. हे गुंगीचं औषध होतं. तोंडावाटे दिलेलं असं औषध चढायला पाऊण एक तास लागतो, म्हणजे ज्याला तो बॉन्डिंग टाइम म्हणत होता तो औषध चढायचा टाइम होता. यातली काही औषधं अशी असतात की कुत्र्याचं शरीर ढिलं पडतं पण भीती जात नाही, आवाज कळतो, स्पर्श कळतो, फक्त विरोध करता येत नाही. ब्लड प्रेशर पडतं, अंग थंड पडतं. म्हणूनच डॉक्टर लोक असलं औषध देताना आधी हृदय तपासतात, वजनावर डोस काढतात आणि दिल्यावर लक्ष ठेवतात. याने अंदाजाने बाटली ओतली होती. म्हणजे त्या व्हिडिओतला निवांत कुत्रा... मी आता तो व्हिडिओ बघूच शकत नाही.

फंगस पण नव्हतं. डॉक्टरांनी ओल्या कापसाने ती खपली पुसून दाखवली. खाली शीर कापलेली होती, तीन नखांची, आणि वरती रक्त थांबवायची पावडर दाबून भरलेली, तीच वाळून तशी दिसत होती. म्हणजे स्वतःच जखम करायची, कुत्रं ओरडू शकत नाही म्हणून आपल्याला आतल्या खोलीत कळणार नाही, आणि वर त्याच जखमेला रोग म्हणून आपल्यालाच ८५० चं तेल विकायचं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी "ताई तुमच्या कुत्रीला ॲलर्जी असेल", मग "तुम्ही मला बदनाम करताय", मग एकदम गोड, उरलेल्या तीन वेळचे पैसे परत करतो म्हणाला आणि एक क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे रिफंड येईल. माझी मनःस्थिती अशी की मी स्कॅन केलाही होता, मुलाने हातातून मोबाईल काढून घेतला. पैसे घ्यायला कधीच पिन टाकायची नसते, पिन टाकली की पैसे जातात, हे मला माहीत होतं हो, पण त्या वेळी डोकं चालत नव्हतं. नंतर त्याने ब्लॉक केलं. तुमच्या बाबतीत पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं.

पोलिसांत अर्ज दिलाय. शेजारच्या वकील काकांनी सांगितलं की १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच करायचे असतात, नखं कापणाऱ्या माणसाला गुंगीचं औषध द्यायचा काहीही अधिकार नाही. आणि प्राण्याला अपाय करणारं औषध देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर १० ते ५० रुपये. पन्नास रुपये! मी त्या माणसाला पहिल्या दिवशी खुशीने त्याच्या दुप्पट दिले होते. डॉक्टर म्हणाले पेढ्याचा तुकडा किंवा ती बाटली हाती लागली असती तर तपासायला पाठवता आली असती. म्हणून सांगते, असं काही झालं तर उलटी, उरलेलं खाणं, भांडं, काहीही धुऊ नका, पिशवीत बांधून ठेवा आणि डॉक्टरांकडून केसपेपरवर नीट लिहून घ्या.

आता आम्ही घरीच करतो, आणि खूप हळू करतो. डॉक्टरांनी सांगितलं एका दिवसात सगळी नखं कापायचं डोक्यातूनच काढून टाका. पहिले पंधरा दिवस नेलकटर नुसता जमिनीवर ठेवायचा आणि शेजारी उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग कट् या आवाजाची सवय, त्यासाठी मी खराट्याचे हीर कापायचे तिच्यापासून लांब बसून, रोज थोडं जवळ सरकत. मग पंजा फक्त हातात घ्यायचा आणि तिने ओढला की लगेच सोडायचा, हे सगळ्यात अवघड आहे कारण आपला हात आपोआप घट्ट होतो. सासूबाई ताटलीला दही माखून तिच्यासमोर धरतात, ती चाटत असते तेवढ्यात मी एक नख, तेही अगदी पापुद्र्याएवढं. काळ्या नखाचं असं असतं की थोडं थोडं कापत गेलं की कापलेल्या भागाच्या मधोमध एक गडद ठिपका दिसायला लागतो, तो दिसला की थांबायचं, पुढे शीर आहे. नेहमी थोडं थोडं कापत राहिलं की शीरही हळूहळू मागे जाते म्हणे. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर दाबून धरायचं पाचेक मिनिटं, मधे मधे उघडून बघायचं नाही, आणि थांबलंच नाही तर सरळ डॉक्टरांकडे. पुढच्या पायांसाठी मुलाने फळीवर जाड पॉलिश पेपर चिकटवून दिलाय, चिंगी खाऊसाठी त्यावर स्वतःच पंजा खरवडते, नखं तिची तीच घासते. ते करताना तिची शेपटी हलते. पंजाच्या कुठल्याही कामात तिची शेपटी हललेली मी चार वर्षात पहिल्यांदा बघतेय.

आता गेल्या आठवड्याचं. मी ज्या तिघांना नंबर दिला होता त्यातल्या एक काकू, त्यांचा पॉमेरियन अकरा वर्षांचा आणि त्याला हृदयाचा त्रास आहे. त्यांना मी जानेवारीतच रात्री डॉक्टरांच्या दारातूनच फोन करून सांगितलं होतं, त्यांची अपॉइंटमेंट त्याच रविवारी होती, ती त्यांनी रद्द केली. आता त्यांच्या भाच्याने दुसराच कुणीतरी शोधून आणला, वेगळं नाव, वेगळा नंबर, माणूसही वेगळा. तो आला, बसला, बॅगेतून बिस्किटाचा पुडा आणि एक बाटली काढली आणि म्हणाला काकू तुम्ही जरा आत बसा, मी आधी याच्याशी दोस्ती करतो. काकूंनी खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "दोस्ती कर की बाबा, पण खायला घरचंच द्यायचं आणि मी इथून हलणार नाही."

त्याने मोबाईल बघितला, अर्जंट कॉल आलाय म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा तिथेच टेबलावर सोडून निघून गेला.