डाव्या बंकवरचा थेंब: जुनी शिडाची बोट घेतल्यानंतरचे आठ महिने

धुळवडीच्या दुपारी मांडव्याहून मुंबईला परत येत होतो. पौर्णिमेचं उधाण होतं. एकच्या सुमारास भरती होऊन गेली होती आणि साडेतीनला ओहोटी पूर्ण जोरात बाहेर चालली होती. वायव्येचा वारा, बारा-तेरा नॉट, डाव्या अंगाने. बोट उत्तरेला तोंड करून छान चढत होती. अचानक केबिनमधून लाकूड चिरल्यासारखा आवाज आला आणि डावी श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार, बोटभर सैल पडली. त्या क्षणी डोलकाठीचा सगळा भार तिच्यावरच होता. माझा भागीदार ओरडला, "तार गेली रे, टॅक घे!" टॅक घेणं म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या अंगावर घेणं. मी सुकाणू ढकललं. वारा उजव्या अंगावर आला, भार उजव्या श्राउडवर गेला आणि डोलकाठी वाचली. पण आता आमचं तोंड पश्चिमेला, उघड्या समुद्राकडे होतं, आणि ओहोटीही तिकडेच ओढत होती. शिडं उतरवली, पाच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन चालू केलं, मोठ्या जहाजांचा मार्ग जीव मुठीत धरून ओलांडला आणि दिवेलागणीला मूरिंगवर, म्हणजे पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी, पोचलो.

याचं मूळ एका थेंबात होतं, म्हणून मी मुख्यतः डाव्या बंकवर, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या बाकावर, पडणाऱ्या त्या थेंबाबद्दल लिहिणार आहे. बोट बावीस फुटी, फायबरग्लासची, स्थिर कीलची (तळाखालच्या वजनदार पात्याची), वय पंचवीसच्या पुढे. अशा बोटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना बाकी काही सांगायला नको.

बोट पाहिली ती गेल्या सप्टेंबरात. पावसाळ्यात सगळ्यांच्याच बोटी किनाऱ्यावर घेतलेल्या असतात, तशी हीदेखील निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. आत शिरलो तर खडखडीत कोरडी. मी खूश झालो. विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतःहून सांगितलं, "डाव्या बंकवर जरा पाणी येतं, जुन्या बोटीत येतंच." मी ते वाक्य पकडून किंमत २५,००० ने उतरवली आणि ५,४०,००० ला सौदा केला, निम्मे माझे, निम्मे भागीदाराचे. घेण्याआधी बोट तपासून देणाऱ्या सर्व्हेयरचे १५,००० देखील वाचवले. दहा वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर क्रू म्हणून फिरलोय, मला काय कळत नाही, असं वाटलं होतं. थेंबाचे पैसे कापून घेतले म्हणजे थेंबाचा हिशेब मिटला, असं मी धरून चाललो.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात बंकच्या गादीवर तळहाताएवढा ओला डाग पडला. श्राउड जिला जोडलेली असते तो धातूचा पट्टा डेकमधून खाली जातो, त्या खाचेत मी सिलिकॉन भरलं. नोव्हेंबरात डेक गोड्या पाण्याने धुतला, डाग परत. पुन्हा सिलिकॉन. जानेवारीत तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी ट्यूबचे साडेतीनशे रुपये आणि रविवारची सकाळ जायची, आणि मला त्या डागाचा राग यायला लागला होता. मुलुंडहून ट्रेन, मग सीएसएमटीहून बस, मग डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, बोटीपर्यंत यायचं, आणि आल्या आल्या शिडं बघायची सोडून आधी गादीवर हात फिरवायचा.

मूरिंगवर बोटींची देखभाल करणारे एक जुने कोळी काका आहेत. ते मला नाखवा म्हणतात. मी तिसऱ्यांदा सिलिकॉन लावताना ते होडीतून म्हणाले, "नाखवा, चाखून बघितलंत का? गोडं हाय का खारं?" मी चाखलं होतं. कधी गोडं लागायचं, कधी खारं. काका म्हणाले, "मग वरून येतंय. तो लोखंडाचा पट्टा काढून बघा." मी हो म्हटलं आणि काढला नाही. सीझन चालू होता, वारा चांगला होता, आणि पट्टा काढायचा म्हणजे श्राउड सोडायची, म्हणजे निदान दोन रविवार गेले.

धुळवडीनंतर पट्टा, म्हणजे डावी चेनप्लेट, काढली. ती डेकमधून खाली येऊन केबिनच्या प्लायवूडच्या बल्कहेडला, म्हणजे आडव्या भिंतीला, चार बोल्टनी धरलेली होती. डेकमधली खाच गळत होती. पाणी चेनप्लेटवरून उतरून बोल्टांच्या भोकांत शिरत होतं, आणि तिथून उरलेलं जे काही ते माझ्या गादीवर पडत होतं. बल्कहेड बाहेरून वॉर्निश केलेलं, सुंदर. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर लोण्यात जावा तसा गेला. भार आल्यावर चारही बोल्ट कुजलं लाकूड फाडत वर सरकले होते. चेनप्लेट डेकच्या जाडीत जिथे लपलेली असते नेमकी तिथे तपकिरी आणि खड्डे पडलेली. बाहेर दिसणारा भाग चकचकीत होता. स्टेनलेस स्टीलला स्वतःचा संरक्षक थर टिकवायला ऑक्सिजन लागतो. जिथे पाणी साचतं आणि हवा पोचत नाही तिथे ते आतून खाल्लं जातं.

हे आधी का कळलं नाही, यावर मी बऱ्याच रात्री विचार केला. वारा उजवीकडून असला की बोट डावीकडे कलते आणि डावा डेक पाण्याखाली जातो. तेव्हा त्या बाजूची श्राउड सैल असते, भार नसतो. वारा डावीकडून आला की त्याच श्राउडवर सगळा ताण येतो, पण तेव्हा तो डेक वर, कोरडा असतो. पाणी एका टॅकवर शिरतं आणि बोट दुसऱ्या टॅकवर तुटते. गादीवरचा डाग आणि डोलकाठी यांचा संबंध माझ्या डोक्यात एकदाही जुळला नाही.

आता दुरुस्ती. बोटींची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराने १,१०,००० सांगितले, आगाऊ ४०,००० घेतले आणि तीन आठवडे माणूस पाठवला नाही. फोन केला की "उद्या येतो साहेब." चौथ्या आठवड्यात एक मुलगा आला आणि कुजलेल्या भागावर नवीन प्लायचा तुकडा स्क्रूने ठोकायला लागला. मी त्याला थांबवलं. कंत्राटदाराशी कडाक्याचं भांडण झालं, ४०,००० पैकी २८,००० परत मिळाले, बाकीचे गेले. त्या १२,००० चा राग मला अजून आहे.

मग काका, भागीदार आणि मी मिळून काम केलं. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला. नवीन प्लाय आयएस ७१० ची (मरीन प्लायचं भारतीय मानक), तोच शिक्का जो स्वयंपाकघराच्या ट्रॉलीच्या प्लायवर असतो. पण दुकानदाराला तुकडा कापून कडेने दाखवायला लावा, आत पोकळ जागा असतील तर घेऊ नका. कडा उतरत्या घासून ग्लास टेप आणि इपॉक्सीने जोडली. एप्रिलच्या उन्हात इपॉक्सी वाटीतच गरम होऊन घट्ट होतं, म्हणून सकाळी सहाला थोडं थोडं कालवलं. बोल्टांची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मग परत योग्य मापाची पाडली, म्हणजे पुढे कधी पाणी आलंच तरी लाकडाला लागणार नाही. नवीन चेनप्लेट ३१६ स्टीलची करून घेतली, बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून. ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबकाने कळत नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटत नाही. स्टील मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, निदान मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी तरी समोर करून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझंच सिलिकॉन खरवडण्यात. ते निघाल्यावरही अदृश्य थर राहतो आणि त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. शेवटी ब्यूटिल टेप (चिकट, लवचिक रबरी पट्टी) लावली, कारण चेनप्लेट प्रत्येक टॅकला किंचित हलते आणि टेप तिच्याबरोबर हलते. एकूण खर्च ३८,०००, कंत्राटदाराने बुडवलेले धरून ५०,०००.

मार्च-एप्रिलमध्ये मी ज्याला भेटेन त्याला सांगत होतो की विकणाऱ्याने फसवलं. आता तसं म्हणणार नाही. त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, मी त्याचे २५,००० कापूनही घेतले होते, आणि ते पैसे त्याच दुरुस्तीचे होते. मी ते गाद्यांच्या नव्या कापडावर घातले. मे महिन्यात त्यांना फोन करून हे बोललो. ते बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "चालते कशी?"

चालते सुरेख. पहाटे मतलई वाऱ्यावर गेटवेसमोरून निघाली की पाण्याचा आवाजही करत नाही. कील मुळापर्यंत घट्ट, मेनसेल, म्हणजे मोठं शीड, जुनी पण आकार धरून, बारा नॉटमध्ये सुकाणूवर दोन बोटं पुरतात. आउटबोर्ड ठीकच. खांदेरीपर्यंत एका दमात गेलो आहोत.

ज्यांना पहिली जुनी बोट घ्यायची आहे त्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे: पावसाळ्यात जा, आणि ताडपत्री काढायला सांगा. एक सर पडू द्या. मालक नाही म्हणाला तर दोन बादल्या पाणी चेनप्लेटांवर ओता आणि पंधरा मिनिटं आत बसा. डेकवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. आवाज बदलला की थांबा. गाद्या उचलून खालून बघा. नोंदणीचे कागद, कीलचे बोल्ट, शिडाच्या शिवणी हे तुम्ही बघालच. आणि सर्व्हेयरचे १५,००० द्या.

बोट मेअखेरीस किनाऱ्यावर घेतली. या वर्षी मी ताडपत्री मुद्दाम आठ दिवस उशिरा लावली. डाव्या बंकवर वर्तमानपत्र पसरून ठेवलं आणि काल पहिला दमदार पाऊस झाल्यावर ऑफिसातून तडक तिथे गेलो. कागद कोरडा होता, उचलला तेव्हा कुरकुरला. मग उजव्या बंकवर हात ठेवला. तोही कोरडाच होता, पण त्या बाजूची चेनप्लेट पंचवीस वर्षांत कोणी काढलेली नाही. काकांना पुढच्या रविवारी बोलावलं आहे.